खनिजसंपन्न भागातील पाणी, भाजीपाला आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये : तपासणीचा अहवाल कसा वाचावा?

माळरान

नमस्कार. एका खनिजसंपन्न डोंगराळ भागातील पाण्याच्या आणि भाजीपाल्याच्या तपासणीचा अहवाल आमच्या अभ्यासगटाच्या हाती आला असून, तो नेमका कसा वाचावा याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. या भागातील खडकांत मोनाझाइट आणि ॲपेटाइट ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये असलेली फॉस्फेट खनिजे आहेत, हे पूर्वीच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोंदलेले आहे. प्रत्यक्ष खाणकाम सुरू नाही. मात्र फार पूर्वी खोदलेले चाचणीचे खड्डे उघडेच राहिले आहेत आणि त्यांपैकी एका खड्ड्यातून तांबूस पाणी झिरपून खालच्या ओढ्याला मिळते. खाण सुरू होणार अशी चर्चा पुन्हा होऊ लागल्यावर "आमच्या पाण्यात आणि अन्नात रेअर अर्थ (म्हणजे ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये) आधीपासूनच आहेत का?" असा प्रश्न लोक विचारू लागले, म्हणून झरा, ओढा आणि विहिरी यांचे पाणी, तसेच पालेभाजी, कंद आणि धान्य यांचे नमुने आम्ही प्रयोगशाळेकडे पाठवले होते.

अहवालात या गटातील, म्हणजे लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या, मूलद्रव्यांचे आणि शिवाय यट्रियमचे आकडे आहेत. सर्व नमुन्यांत सेरियम, लँथॅनम आणि निओडिमियम हीच तीन आघाडीवर आहेत. पालेभाजीतील आकडे धान्यातील आकड्यांच्या कितीतरी पट आहेत. झऱ्याच्या पाण्यात अगदी अत्यल्प प्रमाण आढळले, तर तांबूस ओढ्यात ते सर्वाधिक आहे. सर्वांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे डोंगरापासून दूर, वस्तीच्या मध्यभागी असलेल्या एका विहिरीत बाकी सर्व मूलद्रव्ये नगण्य असताना एकट्या गॅडोलिनियमचा आकडा यादीतील शेजारच्या मूलद्रव्यांपेक्षा उठून दिसतो. आणि "कमाल मर्यादा" या रकान्यात प्रत्येक मूलद्रव्यापुढे केवळ आडवी रेघ आहे.

मर्यादाच दिलेली नसेल, तर हे आकडे चांगले की वाईट हे ठरवायचे कशावरून? सर्वांची बेरीज पाहावी की प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करावा? पालेभाजी खाण्याचे थांबवावे का, हा प्रश्न तर रोजच विचारला जातो आणि त्याचे उत्तर अंदाजाने देण्याची आमची इच्छा नाही.

अश्मवेध

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि आपण दिलेल्या वर्णनातच त्याच्या उत्तराचा बराचसा भाग दडलेला आहे. माझी पहिली सूचना अशी की, आकड्यांची बेरीज करण्याआधी त्यांचा परस्परांशी असलेला संबंध पाहावा.

सेरियम, लँथॅनम आणि निओडिमियम आघाडीवर असणे ही आपल्या डोंगराची खासियत मुळीच नाही. पृथ्वीच्या भूखंडीय कवचाच्या वरच्या थरात दर किलोग्रॅममागे सरासरी सुमारे ६३ मिलिग्रॅम सेरियम, ३१ मिलिग्रॅम लँथॅनम आणि २७ मिलिग्रॅम निओडिमियम असते. त्याच थरात तांब्याचे प्रमाण सुमारे २८ मिलिग्रॅम आहे. थुलियम आणि ल्युटेशियम मात्र प्रत्येकी जेमतेम ०.३ मिलिग्रॅम असतात. शिवाय सम अणुक्रमांकाची मूलद्रव्ये शेजारच्या विषम अणुक्रमांकाच्या मूलद्रव्यांपेक्षा निसर्गात अधिक असतात, त्यामुळे कच्चे आकडे आलेखावर मांडले की रेषा करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होते आणि तिच्यातून काहीच बोध होत नाही. म्हणून प्रत्येक आकड्याला शेल या गाळाच्या खडकातील त्याच मूलद्रव्याच्या सरासरी प्रमाणाने भागतात. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील प्राचीन शेलची सरासरी जगभर वापरली जाते आणि ती सहज उपलब्ध आहे. भागाकारानंतर रेषा गुळगुळीत होते, आणि मग जिथे ती अचानक उंचावते किंवा खचते, तिथे काहीतरी सांगण्यासारखे घडलेले असते.

ही चौदा-पंधरा मूलद्रव्ये रासायनिकदृष्ट्या इतकी सारखी आहेत की निसर्ग त्यांना सहसा एकत्रच हलवतो. अपवाद दोन. बाकीची त्रिसंयुजी (तीन धनभारांची) राहतात, पण सेरियम हवेतील ऑक्सिजनच्या सान्निध्यात चतुःसंयुजी (चार धनभारांचे) होऊ शकते आणि मँगनीजच्या ऑक्साइडांवर चिकटून मागे राहते, म्हणून भरपूर ऑक्सिजन असलेल्या भूजलात सेरियमपाशी रेषेला खाच पडलेली दिसते. युरोपियम द्विसंयुजी होऊन फेल्डस्पार या खडकांतील नेहमीच्या खनिजामध्ये कॅल्शियमची जागा घेऊ शकते, म्हणून त्याच्या उंचवट्यातून किंवा खाचेतून मूळ खडकाचा इतिहास कळतो. आपल्या झऱ्याच्या पाण्यात सेरियमची खाच दिसत असेल, तर ते पाणी खडकातून सावकाश गाळून आलेले आहे असे मानायला चांगला आधार मिळतो.

गॅडोलिनियमला मात्र असे एकट्याने वेगळे वागण्याचे नैसर्गिक कारण नाही, आणि म्हणून वस्तीतल्या विहिरीचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. एमआरआय तपासणीत शिरेतून दिल्या जाणाऱ्या द्रव्यात गॅडोलिनियमची अत्यंत स्थिर संयुगे असतात. १९८८ पासून वापरात आलेली ही द्रव्ये मूत्रावाटे जशीच्या तशी बाहेर पडतात आणि सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पही त्यांना फारसे अडवू शकत नाहीत. मायकेल बाऊ आणि पेटर डुल्स्की यांनी १९९६ मध्ये जर्मनीतील नद्यांत गॅडोलिनियमचा हा एकाकी उंचवटा दाखवून दिला, आणि त्यानंतर जगातील अनेक शहरांच्या नद्यांत, काही ठिकाणी नळाच्या पाण्यातही तो आढळला. त्यामुळे आपल्या त्या विहिरीचा डोंगराशी संबंध नसावा. सांडपाणी किंवा शौचखड्ड्यातील पाणी तिच्यापर्यंत पोहोचत असावे, अशी दाट शक्यता आहे. गॅडोलिनियमचे ते प्रमाण अपायकारक असण्याचा संभव फार कमी आहे, पण ज्या वाटेने ते आले त्याच वाटेने नायट्रेट आणि जिवाणू येत असतील. त्या विहिरीची जिवाणू तपासणी तातडीने करून घ्यावी, ही विनंती.

तत्पूर्वी प्रयोगशाळेला एक प्रश्न अवश्य विचारावा. आयसीपी-एमएस या यंत्रात अणूंचे वस्तुमान मोजले जाते आणि तिथे काही ऑक्साइड दिशाभूल करतात : प्रेसिओडिमियम १४१ ला ऑक्सिजन १६ जोडला गेला की वस्तुमान १५७ होते आणि यंत्र त्याला गॅडोलिनियम समजते, बेरियम १३५ चा ऑक्साइड तसाच युरोपियम १५१ च्या जागी येऊन बसतो. बेरियमयुक्त भूजलात युरोपियमचा खोटा उंचवटा यामुळेच दिसतो. ही दुरुस्ती केली होती का, एवढे विचारल्यास कोणतीही चांगली प्रयोगशाळा उत्तर देते. आपल्या विहिरीत बाकी सर्व मूलद्रव्ये नगण्य आहेत, त्यामुळे तिथला गॅडोलिनियमचा आकडा खरा असावा असे मला वाटते.

तांबूस ओढ्याविषयी थोडे सांगतो. गंधकयुक्त लोहखनिजे हवेच्या संपर्कात आली की आम्ल तयार होते, आणि या मूलद्रव्यांची पाण्यातील विद्राव्यता सर्वांत जास्त पाण्याच्या सामूवर (आम्लता दाखवणाऱ्या pH या मापावर) अवलंबून असते. जगातील नद्यांच्या पाण्यात विरघळलेल्या लँथॅनमची सरासरी लिटरमागे सुमारे ०.१२ मायक्रोग्रॅम आणि सेरियमची सुमारे ०.२६ मायक्रोग्रॅम धरली जाते. आम्लयुक्त खाणपाण्यात हीच पातळी शेकडो मायक्रोग्रॅमवर जाऊ शकते, आणि तेव्हा समेरियमपासून डिस्प्रोसियमपर्यंतचा मधला भाग आलेखावर फुगलेला दिसतो. हे पाणी स्वच्छ पाण्यात मिसळून आम्लता उतरली की लोहाचा तांबूस साका बसतो आणि बहुतेक मूलद्रव्ये त्याच्यासोबत तळाशी जातात. म्हणून ओढ्याचा सामू जागेवरच मोजणे आवश्यक आहे. बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो बदलतो.

हरितपर्ण

पाण्याविषयी वर सविस्तर आलेच आहे, मी वनस्पतींविषयी लिहितो.

वनस्पतीच्या मुळांना ही मूलद्रव्ये ओळखीची वाटतात, कारण लँथॅनमच्या आयनाची त्रिज्या सुमारे १०३ पिकोमीटर आहे आणि कॅल्शियमची १००. आकार जवळपास सारखा, विद्युतभार मात्र अधिक, त्यामुळे मुळाच्या पेशीभित्तिकेतील कॅल्शियमच्या जागा ती घट्ट पकडतात. शिवाय मुळाभोवती फॉस्फेट असते आणि या मूलद्रव्यांचे फॉस्फेट पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असतात. परिणामी जे मुळाशी आले ते बहुतांशी मुळातच अडकते, थोडे पानांपर्यंत जाते, त्याहून थोडे खोडात राहते आणि फळांत व दाण्यांत अगदी नगण्य पोहोचते. आपल्या अहवालातील पालेभाजी आणि धान्य यांच्यातील तफावत हेच सांगते. जमिनीतील एकूण साठा कितीही मोठा असला तरी मोनाझाइटच्या कणात बंदिस्त असलेला सेरियम पिकाला सहजासहजी मिळत नाही. आम्लधर्मी जमिनीत आणि जिथे ही मूलद्रव्ये चिकणमातीच्या पृष्ठभागावर सैल चिकटलेली असतात तिथे मात्र चित्र वेगळे असते. दक्षिण चीनमधील जिआंग्शी प्रांतात अशाच मातीचे साठे आहेत. तिथे अमोनियम सल्फेटचे द्रावण जमिनीत सोडून ही मूलद्रव्ये धुऊन काढली जातात, म्हणजे जी गोष्ट खाणीला सोपी जाते तीच मुळालाही सोपी जाते.

याला अपवाद ठरणाऱ्या वनस्पतीही आहेत आणि त्या मला नेहमीच विलक्षण वाटत आल्या आहेत. त्याच प्रदेशात वाढणारे डिक्रॅनॉप्टेरिस लिनिॲरिस हे नेचे आपल्या कोरड्या पानांत किलोग्रॅममागे १००० मिलिग्रॅमपेक्षा अधिक दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये साठवते, तर अमेरिकेतील हिकोरी वृक्षांच्या पानांतील असा साठा १९४० च्या दशकातच नोंदला गेला होता. ही खाद्यपिके नव्हेत, पण "वनस्पती ही मूलद्रव्ये घेतच नाहीत" असे सरसकट म्हणता येत नाही, हे त्यांच्यावरून समजते. पानांच्या पृष्ठभागावर राहणारे मिथायलोबॅक्टेरियम गटातील जिवाणू तर मिथेनॉल पचवण्याच्या एका विकरासाठी (एन्झाइमसाठी) लँथॅनमचा वापर करतात. ज्वालामुखीच्या उकळत्या चिखलातील एका जिवाणूला या मूलद्रव्यांवाचून वाढताच येत नाही, हे २०१४ मध्ये सिद्ध झाले. सजीवांशी त्यांचा काहीच संबंध नाही, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे.

आता आपल्या पालेभाजीच्या आकड्याकडे येतो. तो पानाच्या आतला आहे की पानावरच्या धुळीचा, हे ठरवल्याशिवाय त्यावर कोणताही निष्कर्ष काढू नये. साधा हिशेब करून पाहा. सामान्य मातीत किलोग्रॅममागे ६३ मिलिग्रॅम सेरियम आहे असे धरले आणि एक किलोग्रॅम वाळलेल्या पानांना केवळ एक ग्रॅम माती चिकटून राहिली, तर त्या मातीमुळेच अहवालात ६३ मायक्रोग्रॅम सेरियम वाढते. पानाच्या आत खरोखर शोषले गेलेले सेरियम अनेकदा याच पातळीचे किंवा याहून कमी असते. केसाळ, खरबरीत किंवा जमिनीलगत पसरणाऱ्या पानांवर एवढी माती सहज असते. याची खूण पटवण्यासाठी त्याच नमुन्यात टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम मोजून घ्यावे. टायटॅनियम पिकात फारच कमी जाते आणि मातीत भरपूर असते. वरच्या उदाहरणातील एक ग्रॅम मातीबरोबर सुमारे ३.८ मिलिग्रॅम टायटॅनियम यायला हवे. टायटॅनियम आणि सेरियम यांचे गुणोत्तर मातीतल्यासारखेच आले, तर आपण भाजीऐवजी माती मोजली आहे.

दोन गोष्टी अहवालात तपासाव्यात. पहिली, आकडे ताज्या वजनावर आहेत की कोरड्या, कारण पालेभाजीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि या एकाच फरकाने आकडा दहापट बदलतो. धान्य मुळातच कोरडे असल्यामुळे त्याची पालेभाजीशी तुलना त्याशिवाय करताच येत नाही. दुसरी, शेतात कोणते फॉस्फेट खत वापरले जाते. फॉस्फेट खडकात ही मूलद्रव्ये असतातच आणि अग्निजन्य ॲपेटाइटपासून बनलेल्या खतात ती बरीच जास्त असतात, त्यामुळे डोंगरावर ठपका ठेवण्याआधी खताच्या गोणीचाही विचार व्हावा.

माळरान

दोघांचेही मनःपूर्वक आभार. विचारलेल्या गोष्टींची माहिती घेतली. पालेभाजी नळाखाली एकदा धुतली होती, कंद सालीसकट तपासले होते आणि आकडे कोरड्या वजनावरचे आहेत. टायटॅनियम मोजलेले नाही. पाण्याच्या बाटल्यांत नमुना घेताना आधीच आम्ल घातलेले होते आणि पाणी गाळले नव्हते. गॅडोलिनियमबाबत प्रयोगशाळेचे उत्तर आले असून, ऑक्साइडची दुरुस्ती केलेली होती. त्या विहिरीपासून काही अंतरावर शौचखड्डे आहेत. जिवाणू तपासणीची व्यवस्था करत आहोत.

अश्मवेध

न गाळता आम्ल घातले असेल, तर पाण्यातील मातीचे सूक्ष्म कण आणि लोहाचे कलिल (पाण्यात तरंगत राहणारे अतिसूक्ष्म कण) त्या आम्लात अंशतः विरघळले असणार, म्हणजे ओढ्याचा आकडा "विरघळलेल्या" मूलद्रव्यांचा नसून पाण्यातील सर्व काही मिळून झालेला आहे. पुढच्या वेळी ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून जागेवरच गाळून मगच नायट्रिक आम्ल घालावे, आणि एक बाटली न गाळता वेगळी पाठवावी. दोन्ही आकड्यांमधील अंतर हे स्वतःच मोलाची माहिती असते, कारण लोक गढूळ पाणी पितात तेव्हा ते कणांसकट पितात.

निर्झर

मर्यादेच्या रकान्यातील आडव्या रेघेविषयी लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याच्या पाण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत या मूलद्रव्यांसाठी मूल्य दिलेले नाही. अन्नाच्या बाबतीत चीनने चहा, धान्य, भाजीपाला आदींसाठी मर्यादा ठेवल्या होत्या, उदाहरणार्थ चहासाठी ऑक्साइडच्या स्वरूपात किलोग्रॅममागे २ मिलिग्रॅम. २०१७ च्या सुधारित मानकात त्या काढून टाकण्यात आल्या. त्यामुळे प्रयोगशाळेने रेघ मारली हे योग्यच केले.

तरीही अंदाज बांधता येतो. चिनी अभ्यासांत सर्व दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये मिळून शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला ७० मायक्रोग्रॅम हे स्वीकार्य प्रमाण वारंवार वापरले गेले आहे. त्याला कायद्याचे बळ नाही, पण तुलनेसाठी ते उपयोगी पडते. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसासाठी हा आकडा ४२०० मायक्रोग्रॅम होतो. समजा, लिटरमागे १ मायक्रोग्रॅम असलेले दोन लिटर पाणी तो प्याला, तर २ मायक्रोग्रॅम पोटात गेले. ताज्या वजनाच्या किलोग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅम असलेली २०० ग्रॅम पालेभाजी खाल्ली, तर ४० मायक्रोग्रॅम. दोन्ही मिळून त्या पातळीच्या सुमारे एक टक्का भरतात. आपण आपल्या अहवालातील आकडे, कोरड्या वजनावरून ताज्या वजनावर आणून, याच हिशेबात घालून पाहावेत. लहान मुलांसाठी वजन कमी धरून स्वतंत्र हिशेब करावा.

पोटात गेलेल्यांपैकी रक्तात किती उतरते, हा पुढचा प्रश्न. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तातील फॉस्फेट कमी करण्यासाठी लँथॅनम कार्बोनेट हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झाले. त्यातून रोज १५०० ते ३००० मिलिग्रॅम लँथॅनम तोंडावाटे दिले जाते आणि त्याचा ०.००२ टक्क्यांहूनही कमी भाग शोषला जातो. श्वासावाटे जाणाऱ्या धुळीला मात्र हे लागू नाही. सेरियमयुक्त धुळीत वर्षानुवर्षे काम केलेल्या कामगारांच्या फुप्फुसांचे आजार वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. खाण सुरू झाल्यास धूळ हा पाण्याइतकाच मोठा विषय राहील.

माझे खरे म्हणणे यापुढचे आहे. ज्या खनिजांतून सेरियम आणि निओडिमियम येतात, त्याच खनिजांतून आणखी काही मूलद्रव्ये येतात आणि त्यांच्या मर्यादा मात्र ठरलेल्या आहेत. मोनाझाइटमध्ये थोरियम असते. थोरियम स्वतः पाण्यात फारसे विरघळत नाही, पण त्याच्या क्षयातून तयार होणारे रेडियम-२२८ कॅल्शियमसारखे वागते आणि पाण्यात व वनस्पतींत सहज शिरते. ब्राझीलमधील पोसोस दी काल्दास पठारावर मोरो दो फेरो नावाची टेकडी थोरियम आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांनी भरलेली आहे. तिथल्या वनस्पती फोटोग्राफीच्या फिल्मवर ठेवल्या असता त्यांतील रेडियममुळे पानांची प्रतिमा आपोआप उमटली, आणि तरीही थोरियम त्या टेकडीवरून पाण्यावाटे अत्यंत सावकाश हलते असेच तिथल्या अभ्यासात आढळले. एकाच खडकातील दोन मूलद्रव्यांच्या वाटा किती वेगळ्या असू शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

रेडियम-२२८ साठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी लिटरमागे ०.१ बेकरेल (किरणोत्सर्गाचे एकक) आहे, युरेनियमसाठी ३० मायक्रोग्रॅम, आर्सेनिक व शिसे यांसाठी प्रत्येकी १० मायक्रोग्रॅम आणि फ्लोराइडसाठी १.५ मिलिग्रॅम. ॲपेटाइट आणि बास्टनसाइट (दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचे आणखी एक खनिज) या दोन्ही खनिजांत फ्लोराइड असते, म्हणून अशा भागातील बोअरवेलमध्ये फ्लोराइड आधी मोजावे. त्याची चाचणी स्वस्त आहे आणि दात व हाडे यांवरील त्याचा परिणाम निर्विवाद आहे. हाती मर्यादित पैसे असतील, तर पुढच्या फेरीत चौदा मूलद्रव्ये पुन्हा मोजण्याऐवजी फ्लोराइड, युरेनियम, एकूण अल्फा व बीटा किरणोत्सर्ग आणि ओढ्यासाठी आर्सेनिक व शिसे मोजावेत, असा माझा स्पष्ट आग्रह आहे.

हरितपर्ण

निर्झर यांच्या प्राधान्यक्रमाशी मी सहमत आहे, मात्र "शोषण नगण्य, म्हणून विषय संपला" असा अर्थ त्यातून कुणी काढू नये. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूच्या प्रदेशात एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस हा हृदयाचा आजार एकेकाळी बराच आढळत असे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील डॉ. एम. एस. वलियाथन आणि डॉ. सी. सी. कार्था यांच्या गटाने १९८० च्या दशकात या रुग्णांच्या हृदयाच्या ऊतींत सेरियम आणि थोरियमचे प्रमाण अधिक असल्याचे नोंदवले, आणि आहारात मॅग्नेशियमची कमतरता असताना मातीतून कंदांत आलेला सेरियम हृदयाला अपाय करत असावा, असे गृहीतक मांडले. ते सिद्ध झालेले नाही. हा आजार मोनाझाइट नसलेल्या प्रदेशांतही आढळतो आणि केरळमध्ये तो पुढे खूप कमी झाला. तरीही औषधाच्या अभ्यासातील रुग्ण आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच मातीतले कंद खाणारी, अपुरे पोषण असलेली मुले यांना एकाच मापाने मोजू नये, एवढा बोध त्यातून मी घेतो. लँथॅनम कार्बोनेट घेणाऱ्या काही रुग्णांच्या जठराच्या अस्तरातही लँथॅनम साठलेले आढळले आहे.

म्हणून निर्झर यांनी सुचवलेल्या यादीत मी फक्त एक भर घालीन : कंद एकदा सालीसकट आणि एकदा साल काढून, नीट धुऊन तपासावेत. कंदातील बहुतांश साठा सालीत आणि तिला चिकटलेल्या मातीत निघेल असा माझा अंदाज आहे, आणि तसे निघाले तर लोकांना सांगण्याजोगा एक सोपा, खर्च नसलेला उपाय आपल्या हाती येईल.

निर्झर

हरितपर्ण यांची सुधारणा मान्य आहे. केरळचे उदाहरण मी टाळायला नको होते, पण त्यातही सेरियमच्या सोबत थोरियम होते ही बाब माझ्या मुद्द्याला बळ देणारी आहे, असे मला वाटते.

माळरान

पुढच्या फेरीची यादी या चर्चेनुसार बदलत आहोत. कंद दोन्ही प्रकारे पाठवू, पालेभाजीत टायटॅनियम मोजून घेऊ आणि फ्लोराइड सर्व विहिरींत तपासू. शेवटचा प्रश्न : तांबूस ओढ्याचे पाणी खालच्या बाजूला काही घरे वापरतात. निकाल येईपर्यंत त्यांना काय सांगावे? पाणी उकळून पुरेल का?

अश्मवेध

उकळल्याने जिवाणू मरतात. धातू आणि फ्लोराइड पाण्यातच राहतात, उलट पाणी आटल्याने किंचित दाट होतात. त्या घरांनी निकाल येईपर्यंत पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी झऱ्याचे पाणी वापरावे, कारण आपल्या अहवालात तेच सर्वांत स्वच्छ आहे. झऱ्यातही फ्लोराइड मात्र आधी मोजून घ्या. आरओ यंत्र ही त्रिसंयुजी मूलद्रव्ये, युरेनियम, रेडियम आणि फ्लोराइड बऱ्याच अंशी अडवते, पण त्यातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी भाजीच्या वाफ्यात सोडू नये.

ओढ्यावर कायमचा उपाय करायचा असेल, तर खड्ड्यातून पाणी बाहेर पडते तिथेच चुनखडीच्या दगडांचा थर आणि त्यापुढे साका बसण्यासाठी एक उथळ टाके करता येते. सामू वाढला की लोहासोबत यांतील बहुतेक मूलद्रव्ये टाक्यात बसतात. दगडांवर लोहाचा लेप चढून ते निकामी होतात, त्यामुळे ते अधूनमधून बदलावे लागतात. आणि टाक्यातील तांबूस गाळ शेतात किंवा बांधावर टाकू नये, तो वेगळा झाकून ठेवावा, कारण ओढ्यातले सगळे काही त्यातच गोळा झालेले असेल. हे काम हाती घेण्याआधी खड्ड्याच्या तोंडाशी आणि ओढ्याच्या खालच्या टोकाशी सामू आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात आणि कोरड्या दिवसांत, मोजून ठेवा. साधे सामूमापक यंत्र त्याला पुरते, फक्त प्रत्येक वेळी प्रमाणित द्रावणात ते जुळवून घ्यावे लागते.